न दुखणारी गाठ

कोल्हापूरचे आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सी.पी.आर., पूर्वी आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल या नावाने ओळखले जाई. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी मिळवलेल्या आनंदीबाई जोशी यांची कोल्हापूर संस्थानाने याच रुग्णालयाच्या स्त्री विभागावर नेमणूक केली होती. दुर्दैवाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले आणि त्या या कामावर कधी रुजूच होऊ शकल्या नाहीत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात रुग्णसेवा केली. बाई डॉक्टरची गरज त्या काळी का भासत होती, हे सांगायला नकोच. पुरुष डॉक्टरला अंगावरचे दुखणे दाखवण्यापेक्षा ते सोसणे बायकांना सोपे वाटे.

आज काळ बदलला आहे. तालुक्याच्या गावीही स्त्री डॉक्टर भेटतात. बाळंतपण, पाळीच्या तक्रारी, गर्भाशयाचे आजार यांविषयी स्त्रिया बऱ्यापैकी मोकळेपणाने बोलतात. पण एक गोष्ट अजूनही पदराआड लपवली जाते. ती म्हणजे स्तनातील गाठ. म्हणून आजचा लेख त्या गाठीविषयी.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, श्रीमंत देशांत निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. भारतात ते ६६ टक्के आहे. रोग तोच, शरीर तेच, मग फरक कशाचा? उपचारांच्या सोयींचा फरक आहेच. पण मोठा फरक वेळेचा आहे. आपल्याकडे बऱ्याच स्त्रिया उशिरा येतात.

‘दुखत नव्हतं, म्हणून गप बसलो’

माझ्याकडे आलेल्या एका भगिनीची हकिगत सांगते. वय पंचेचाळीसच्या पुढे, घरी शेती, दोन म्हशी. श्रावणात अंघोळ करताना डाव्या स्तनात तिला सुपारीएवढी गाठ लागली. पुढे गौरी-गणपती आले, दसरा-दिवाळी आली. मग उसाला तोड आली. त्यानंतर लेकीचे लग्न ठरले. चैत्रात जोतिबाची यात्रा झाल्यावर थोरल्या जावेने तिला बळेच माझ्याकडे आणले, तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही गाठी लागत होत्या. इतके दिवस का थांबलात, असे मी विचारले. ती म्हणाली, “डॉक्टर, दुखत नव्हतं, म्हणून गप बसलो. दुखलं असतं तर आलोच असतो की.”

तिच्या बोलण्यात आडमुठेपणा नव्हता. दुखणे म्हणजेच आजार, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. पोट दुखले, दाढ दुखली, की माणूस दवाखान्याची वाट धरतो. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र हाच हिशेब उलटा पडतो.

असे का होते? गळू होते तेव्हा आत सूज येते, पू साठतो, कातडी ताणली जाते आणि ठणका लागतो. कर्करोगाची गाठ अशी नसते. स्तनात दूध तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात आणि ते दूध बोंडीपर्यंत आणणाऱ्या नलिका असतात. बहुतेक कर्करोग या नलिकांच्या आतल्या अस्तरात सुरू होतो. तेथील काही पेशी शरीराचा हुकूम मानीनाशा होतात आणि वाढत राहतात. ही वाढ गुपचूप होते. ताप नाही, ठणका नाही, भूक कमी होत नाही. बाई रोजचे काम करीत राहते आणि गाठ आपले काम करीत राहते. म्हणून लक्षात ठेवा, गाठ दुखत नाही हे निर्धास्त होण्याचे कारण नाही. उलट न दुखणारी, टणक गाठ आधी दाखवली पाहिजे.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

ही दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, कारण भीतीमुळेही स्त्रिया घरी बसतात. स्तनात लागणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात. विशी-पंचविशीतल्या मुलींमध्ये बोटाखाली इकडून तिकडे सटकणारी, रबरासारखी गाठ आढळते. ती कर्करोगाची नसते. पस्तिशी-चाळिशीनंतर पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या गाठी होतात. पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होणे, दुखणे, गाठीगाठी लागणे आणि पाळी येऊन गेल्यावर ते कमी होणे, हेही नेहमीचेच. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध साठून गाठ होते किंवा गळू होते. मात्र औषध घेऊनही अशी गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर ‘दुधाचीच असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

साधी कोणती आणि घातक कोणती, हे घरी बसून ठरवता येत नाही. शेजारणीलाही ठरवता येत नाही. ते तपासणीनेच ठरते.

कोणती लक्षणे दिसताच दाखवावे?

१. स्तनात किंवा काखेत नवी गाठ, विशेषतः टणक व न दुखणारी.
२. एका स्तनाचा आकार अलीकडे बदलणे.
३. कातडीला खळी पडणे, किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड व छिद्राछिद्रांची दिसणे.
४. पूर्वी सरळ असलेली बोंडी आत ओढली जाणे. (जन्मापासून बोंडी आत असेल तर ती चिंतेची बाब नव्हे.)
५. बोंडीतून आपोआप रक्त किंवा रक्ताळलेले पाणी येणे, विशेषतः एकाच बाजूने.
६. बोंडीवर किंवा भोवती बरी न होणारी खाज, खपली किंवा जखम.
७. स्तन लाल व गरम होणे आणि औषधाने न उतरणे.

पाळी सुरू असलेल्या स्त्रीला गाठ जाणवली आणि पुढची पाळी होऊन गेल्यावरही ती तशीच राहिली, तर थांबू नये. पाळी गेलेल्या स्त्रीने तर एक आठवडाही वाट पाहू नये.

कोणाला होऊ शकतो?

‘आमच्या घरात कोणाला नाही, मग मला कसा होईल?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आई, बहीण, मावशी, आत्या यांना हा रोग असेल तर धोका वाढतो, हे खरे. पण हा रोग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या घरात पूर्वी तो कोणालाच झालेला नसतो. वाढते वय हे सर्वांत मोठे कारण. त्याशिवाय पाळी लवकर सुरू होणे व उशिरा जाणे, मूल न होणे किंवा पहिले मूल तिशीनंतर होणे, पाळी गेल्यावर वाढलेले वजन, व्यायामाचा अभाव आणि मद्यपान यांनीही धोका वाढतो. मुलाला अंगावर पाजल्याने तो काहीसा कमी होतो. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा रोग सुमारे दहा वर्षे आधीच्या वयात दिसतो, म्हणून चाळिशीपासूनच सावध असावे.

पुरुषांनाही हा रोग होतो, हे अनेकांना माहीत नसते. शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. बोंडीखाली टणक गाठ लागली तर पुरुषानेही ती दाखवावी.

मुका मार लागल्याने, घट्ट कपड्याने किंवा काळ्या रंगाच्या ब्लाउजने कर्करोग होत नाही. तो कोणाच्या नजरेने होत नाही आणि एकत्र जेवल्याने दुसऱ्याला लागतही नाही.

आपल्या शरीराची ओळख

स्तनांची तपासणी स्वतः करावी की नाही, यावर जगभर बराच विचार झाला आहे. चीनमधील शांघाय येथे कापड गिरण्यांतील सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. त्यातील निम्म्या स्त्रियांना दरमहा स्वतःची तपासणी करण्याचे रीतसर शिक्षण दिले गेले. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. केवळ या शिकवणीने मृत्यू कमी झाले नाहीत. साध्या गाठींच्या शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. त्यामुळे आता डॉक्टर दरमहा परीक्षेसारखी तपासणी करण्याचा आग्रह धरत नाहीत. पण आपले स्तन एरवी कसे दिसतात, कसे लागतात, याची ओळख प्रत्येक स्त्रीला हवी. घरातली रोजची वाट माहीत असली की अंधारातही नवी वस्तू पायाला लगेच कळते, तसेच हे आहे.

ही ओळख कशी करावी? पाळी संपल्यावर तीन-चार दिवसांनी, जेव्हा स्तन मऊ असतात, तेव्हा पाहावे. पाळी गेलेल्या स्त्रियांनी महिन्याचा एक दिवस ठरवावा. संकष्टी लक्षात राहते, तसा तोही राहील. आरशासमोर उभे राहून आधी हात खाली सोडून, मग वर उचलून, मग कमरेवर दाबून दोन्ही बाजू पाहाव्यात. खळी, ओढ, रंगातील फरक दिसतो का, हे बघावे. अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने, मधल्या तीन बोटांच्या सपाट भागाने, छोटी वर्तुळे काढीत गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या कडेपर्यंत आणि काखेपर्यंत चाचपावे. चिमटीत धरून बघू नये. तसे केल्यास निरोगी स्तनातही गाठ असल्याचा भास होतो.

प्रशिक्षित हातांची किंमत

स्वतःच्या हाताला जे कळत नाही, ते शिकवलेल्या हाताला कळते. याचा भक्कम पुरावा आपल्याच राज्यातील आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या २० वस्त्यांत एक अभ्यास सुरू केला. त्यात ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांचे स्तन आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी तपासले. अशा चार फेऱ्या झाल्या. या सेविका डॉक्टर नव्हत्या; त्यांना या कामाचे खास प्रशिक्षण दिले होते. यंत्र नाही, क्ष-किरण नाही, फक्त हात. उरलेल्या वस्त्यांत केवळ माहिती दिली गेली.

वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के होते. दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंमध्ये अशी घट दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही ज्या देशात गावोगावी मॅमोग्राफीचे यंत्र नेणे शक्य नाही, तेथे ही मोठीच गोष्ट आहे.

ग्रामीण भागाचे उदाहरण हवे असेल तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे घ्या. ग्रामीण भागासाठीची देशातील पहिली कर्करोग नोंदणी तेथे १९८७ साली सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जात, लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना रुग्णालयाची वाट दाखवीत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. नुसते सांगण्याने एवढे झाले.

आज शासनाच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी आरोग्य उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाच्या तपासणीची तरतूद आहे. गावातील आशाताईंना विचारा. बचत गटाच्या दहा-बारा जणी मिळून गेलात, तर संकोचही वाटणार नाही.

दवाखान्यात गेल्यावर काय होते?

स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा सर्जन यांना दाखवावे. तपासणी तीन पायऱ्यांची असते. आधी डॉक्टर हाताने तपासतात. मग वय कमी असेल तर सोनोग्राफी आणि चाळिशीच्या पुढे साधारणतः मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा क्ष-किरण फोटो, काढतात. त्यात स्तन काही क्षण दाबला जातो. थोडे दुखते, एवढेच. शंका असेल तर जागा बधिर करून सुईने गाठीचा बारीक तुकडा काढतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात.

या सुईची आपल्याकडे फार धास्ती आहे. ‘गाठीला सुई लावली की ती चवताळते, अंगभर पसरते,’ असे सर्रास म्हणतात. हे खरे नाही. सुईच्या तपासणीशिवाय रोगाचा प्रकार कळत नाही आणि प्रकार कळल्याशिवाय योग्य औषध देता येत नाही. घातक आहे ते हे : गाठीवर लेप लावणे, शेकणे, चोळणे, ‘गाठ जिरवतो’ म्हणणाऱ्याकडे महिनोन्‌महिने जाणे. आणखी एक सूचना. कोणत्याही दवाखान्यात गाठ काढली, तर ती प्रयोगशाळेत पाठवली का, हे विचारा आणि तो कागद जपून ठेवा.

स्तन काढावाच लागतो का?

नाही. गाठ लहान असताना बहुतेक वेळा फक्त गाठ व भोवतालचा थोडा भाग काढून नंतर किरणोपचार देतात. अमेरिका व इटलीतील अभ्यासांचे वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. स्तन वाचवून उपचार घेतलेल्या स्त्रिया पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगल्या. म्हणजे स्तन जाईल या भीतीने जी स्त्री थांबते, तीच थांबण्यामुळे स्तन गमावण्याची शक्यता वाढवते.

रोगाच्या प्रकारानुसार केमोथेरपी, काही वर्षे रोज घ्यावयाची हार्मोनची गोळी किंवा विशिष्ट इंजेक्शने दिली जातात. केमोथेरपीने गेलेले केस पुन्हा येतात. मात्र उपचार मध्येच सोडू नयेत. बरे वाटू लागले म्हणून अर्ध्यात थांबणाऱ्यांचा रोग उलटण्याची भीती असते.

खर्चाचे काय?

खर्चाची धास्ती खरी आहे, पण मार्ग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा समावेश आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन भेटावे. उपचारासाठी मुंबईला जावे लागले, तर रेल्वेत कर्करुग्णांना प्रवासभाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी आजवर असंख्य रुग्णांना आधार दिला आहे.

घरच्या मंडळींना चार शब्द

हा लेख पुरुष वाचकांनीही इथपर्यंत वाचला असेल, अशी मला आशा आहे. आपल्या घरात बाईचे दुखणे सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्या वेळात बघायचे असते. सुगी झाली की, लग्न झाले की, परीक्षा झाली की. ती स्वतः म्हणते, ‘मला काही होत नाही,’ आणि आपण ते सोयीने खरे मानतो. गाठ असल्याचे तिने सांगितले, तर पुढच्या आठवड्यात तिला दवाखान्यात न्या. म्हशीची धार एक दिवस शेजारीण काढील. आणि तपासणीत रोग निघालाच, तर ‘कोणाला कळू देऊ नका’ असे म्हणू नका. हा रोग लाजेचा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने असे ध्येय ठरवले आहे की, स्त्री दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे. ती जबाबदारी आम्हा डॉक्टरांची. पण हे ६० दिवस मोजायला सुरुवात होते ती स्त्री दवाखान्याची पायरी चढते तेव्हा. त्याआधीचे दिवस तिच्या आणि तिच्या घरच्यांच्या हातात असतात.

वर सांगितलेल्या भगिनीने आधी केमोथेरपी घेतली, मग शस्त्रक्रिया व किरणोपचार झाले. आता ती नेमाने तपासणीला येते. श्रावणातच आली असती, तर तिचे बरेच हाल टळले असते. तिच्या गल्लीतल्या तीन बायका मात्र तिच्यामुळे तपासून गेल्या. तिघींच्याही गाठी साध्या निघाल्या.

पुढील आठवड्यात : गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि त्याची प्रतिबंधक लस.